सहावं नाव

त्या दसऱ्याची संध्याकाळ विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण ती काही डोक्यातून जात नाही. खात्यात आयुष्य गेलं. खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि आता त्यातलं बरंचसं एकमेकांत मिसळून गेलंय. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे सांगताना माझी गल्लत होते आणि बायको हसते. ही केस मात्र तासातासाने आठवते. तिच्यात चाकू नाही, गोळी नाही. एक कॉम्प्युटर आहे, आणि कॉम्प्युटरमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. आजही फार कळतं अशातला भाग नाही.

तेव्हा मी रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या खाडीपासून काशीदच्या बाजूला हद्द असलेल्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून तिथंच आहेत, बाजारात एकमेकांना भेटतात. आमचं ठाणं म्हणजे कौलारू छप्पर, पुढे पडवी, तीन टेबलं आणि एक लॉकअप, ज्यात बहुतेक वेळ पावसाळी रेनकोट वाळत असायचे. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या यायच्या, मग दारू पिऊन समुद्रात उतरणारे, घोडागाडीवाल्यांशी भांडणारे. बाकीचे दिवस कुंपणाचे तंटे आणि पासपोर्टच्या चौकशा. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेल्या माणसाला बरं असं ठाणं होतं.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. बंदुका साफ करून टेबलावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. अलीकडे त्याच रांगेत वायरलेस सेट आणि कॉम्प्युटरही बसतो. पूजा आटोपून गावातली मंडळी आपट्याची पानं द्यायला येत होती. त्याच गर्दीत साडेपाचच्या सुमाराला एक बाई पडवीत येऊन उभी राहिली. आतल्या भातशेतीच्या गावातली, पस्तिशीची, पायात स्लिपर, कमरेला पदर खोचलेला. दसऱ्याच्या आधी दोन दिवस तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. बोट दुपारी परत आली होती. नवरा आला नव्हता.

हा माणूस नेहमीचा खलाशी नव्हता. भात तयार व्हायला अजून पंधरवडा होता, तेवढ्यात चार दिवस बोटीवर काम मिळतंय म्हणून गेला होता. त्या बोटीवरचा एक खलाशी तापाने पडला, त्याच्या जागी याला घेतलं होतं. बाई म्हणाली की मी स्वतः त्याला जेट्टीवर सोडायला गेले होते, भाकऱ्या बांधून दिल्या आणि बोटीत चढताना डोळ्यांनी बघितलं.

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि बोटीच्या मालकाला, म्हणजे नाखव्याला, फोन लावला. नाखवा मोठा माणूस. गावच्या कामात पुढे, ठाण्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजर. तो शांतपणे म्हणाला की साहेब, चढला होता खरा, पण त्याच्याकडे मच्छीमाराचं ओळखपत्र नव्हतं म्हणून तांडेलाने त्याला तिथंच उतरवला. बोटीवर पाचच माणसं गेली, पाचच आली. सोसायटीची यादी बघा.

ही यादी काय ते सांगतो. बोट समुद्रात जाण्याआधी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात खलाशांची नावं कॉम्प्युटरवर भरावी लागतात. मग टोकन मिळतं आणि बोट सुटते. किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी ही पद्धत सुरू झाली. मी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलं, त्याने मोबाईलवर यादी उघडून वाचून दाखवली. पाच नावं. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, त्यालाही फोनवर विचारलं. तोही पाचच म्हणाला. जेट्टीवरच्या रक्षकाच्या वहीत बोटीचा नंबर होता, माणसं किती ते लिहिलेलं नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, एका बाजूला यादी, मालक आणि तांडेल, दुसऱ्या बाजूला एक रडणारी बाई. मी अनुभवी अधिकारी, माझा निष्कर्ष तयार होता. बोटीवरून उतरवलेला माणूस लाजेने घरी गेला नसेल, दोन दिवस कुठंतरी पिऊन पडला असेल, अशी प्रकरणं आम्ही दर महिन्याला बघतो. मी मिसिंगची नोंद करायला सांगितली आणि तिला म्हटलं, येईल, सणाचे दिवस आहेत. तिने मान हलवली नाही. ती फक्त एवढंच म्हणाली की साहेब, चढताना मी बघितलंय. जाताना तिने पडवीतल्या चपलांतून आपली स्लिपर शोधून काढली आणि शेवटची गाडी गाठायला निघून गेली. थोड्याच वेळाने नाखवा सोनं द्यायला ठाण्यात आला. मी त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीची कॉम्प्युटर ऑपरेटर आपणहून ठाण्यात आली. कोळीवाड्यातली, पंचेचाळीशीची बाई, बरीच वर्षं त्या ऑफिसात होती. तिच्या कानावर रात्री बोटीची गोष्ट गेली होती. ती उभ्याउभ्याच म्हणाली, यादीत सहा नावं होती, सहावं नाव मी स्वतः घातलंय. ओळखपत्र नव्हतं, म्हणून तांडेलाने त्या माणसाचं आधार कार्ड दाखवलं, तो नंबर टाकून नाव घेतलं. त्या दिवशी प्रिंटर चालत नव्हता, म्हणून छापील पावती दिली नाही, टोकनचा नंबर तोंडी सांगितला.

मी तिला घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेलो. दोन पंच घेतले. सेक्रेटरीच्या लॉगिनने त्याच्याच मोबाईलवर यादी उघडली. पाच नावं. मग सेक्रेटरीने यादीतले बदल कुठं दिसतात ते शोधून काढलं. तिथं लिहिलेलं होतं, दसऱ्याच्या दिवशी दुपारी चार वाजून नऊ मिनिटांनी एक नाव कमी केलं. कुणी केलं, तर ऑपरेटरच्या आयडीवरून. कुठून, तर याच ऑफिसातल्या याच मशीनवरून.

बाईचा चेहरा पांढरा पडला. आमच्या धंद्यात पांढरा चेहरा म्हणजे अर्धा कबुलीजबाब, असं आम्हाला शिकवलेलं असतं. कुणी शिकवलं देव जाणे. मी एवढे चेहरे पाहिले, आता सांगतो, खोटं पकडल्यावर माणूस जसा पांढरा पडतो तसाच खरं बोलूनही कुणी ऐकत नाही म्हटल्यावर पडतो. बघून फरक कळत नाही.

ती म्हणाली, मी काल मशीनला हात लावलेला नाही. दुपारी बारा वाजता पूजा केली, कुलूप लावलं आणि घरी गेले. पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. कोळी जाळ्याला लावत नाही, सुतार करवतीला लावत नाही, मी मशीनला कशी लावीन? मी मनात म्हटलं, बाई, दसऱ्याची प्रथा म्हणजे काही पुरावा नव्हे. ऑफिसची चावी दोघांकडेच होती, तिच्याकडे आणि सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी दसऱ्याला दिवसभर सासुरवाडीला, अलिबागच्या पलीकडे किहीमला होता, साक्षीला पाच माणसं. राहिली कोण? हीच.

माझ्या हवालदाराने पंचनामा लिहिला. तो माणूस पंचनाम्यात एक गोष्ट सोडायचा नाही, भिंतीवरच्या पालीचीही नोंद करील. त्याने लिहिलं, कीबोर्डला व माऊसला लाल-पिवळा नाडा गुंडाळून गाठ मारलेली, कळांवर हळदकुंकू व अक्षता, मधोमध झेंडूचे एक फूल, स्क्रीनवर एकवीरा देवीचा फोटो. मी तो वाचला आणि खाली सही केली. वाचला म्हणजे डोळे फिरवले. जिथं गाठ मारलेली आहे, जिथं अक्षतांचा एक दाणा हललेला नाही, तिथं कालच्या दुपारी कुणी टाइप कसं केलं असेल, हा प्रश्न दहावीतल्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. ती माझी सही अजून त्या कागदावर आहे.

त्या दिवशी दुपारपासून संध्याकाळपर्यंत तिला ठाण्यात बसवून ठेवलं. नियमाने बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. मी महिला शिपाई शेजारी बसवली आणि कागदावर लिहिलं की स्वेच्छेने हजर. कोळीवाड्यातल्या बायका पडवीसमोरून मासळीच्या टोपल्या घेऊन जाता-येता आत बघत होत्या. मी तिला तेच तेच विचारत होतो. तुला कुणी सांगितलं? नाखव्याने सांगितलं का? काय देतो म्हणाला? आधी चुकून सहा टाकली आणि मग निस्तरायला गेलीस का? ती प्रत्येक वेळी तेच उत्तर देत होती, त्याच शब्दांत. तेच शब्द पुन्हा येतात म्हणजे पाठ केलेलं आहे, असं मी ठरवून टाकलं. शब्द बदलले असते तर म्हटलं असतं जबाबात विसंगती आहे. पोलिसाच्या पुढ्यात बसलेल्या माणसाला सुटायला वाटच नसते, हे मला खुर्चीच्या अलीकडे बसून कधी दिसलं नाही.

एकदाच ती चिडली. म्हणाली, "साहेब, मी खोटी असंन तर मला आत टाका. पन त्या मानसाला आधी शोधा. मी त्याचं नाव लिवलंय, तो बोटीत होता."

मी तिला सांगितलं की शोधायचं कुठं? यादीत नाव नसलेल्या माणसासाठी मी समुद्रात बोटी पाठवू? वरच्या ऑफिसला काय कळवू? आमची गस्तीची बोट त्या महिन्यात दुरुस्तीला गेलेली होती. शोधासाठी लेखी मागणी करावी लागते, मागणीत बोट, टोकन आणि माणसाचं नाव लिहावं लागतं, आणि नाव तर कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. हे सगळं मी तिला नीट समजावून सांगितलं. सूर्यास्ताला तिला घरी सोडलं आणि सकाळी दहाला परत यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ती दहाला पाच मिनिटं असताना आली. मी तिला माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसवलं. तिच्यावर गुन्हा दाखल करायचं मी रात्रीच ठरवलं होतं. पण त्या सकाळी ठाण्याच्या कॉम्प्युटरने मान टाकली. हे आमचं नेहमीचंच. हवालदाराने जिल्ह्याच्या गावात बसणाऱ्या मदतनीस माणसाला फोन लावला. तिकडचा म्हणाला, छोट्या चौकटीतला नंबर सांगा. हवालदाराने नऊ आकडे वाचले. रेंज गेली. परत फोन, परत नवा नंबर, परत नऊ आकडे. तिसऱ्या वेळेला जुळलं. हवालदाराने हात मांडीवर ठेवले, आणि स्क्रीनवरचा बाण आपला आपण फिरायला लागला. इकडे गेला, तिकडे गेला, खिडक्या उघडल्या, मिटल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी रोज बघत होतो, आणि रोज बघून मला त्यात काही दिसत नव्हतं.

बाकावरून ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडं पन असाच येतो तो."

मी विचारलं, कोण येतो? ती म्हणाली, पनवेलचा कॉम्प्युटरवाला. सोसायटीने त्याला वर्षाचं काम दिलेलं आहे. प्रिंटर अडला, यादी उघडत नसली की ती त्याला फोन करते, तो तिथूनच तिच्या मशीनचा ताबा घेऊन दुरुस्त करतो. मी म्हटलं, पण तू नंबर सांगितल्याशिवाय त्याला आत येता येत नाही ना?

 ती सावकाश सांगू लागली. आधी सांगावा लागायचा. पण पावसाळ्यात आमच्याकडे सारखी रेंज जाते, कनेक्शन तुटतं, तुटलं की नंबर बदलतो, परत सांगा. दोघंही कंटाळलो. मग श्रावणात त्यानेच काहीतरी करून ठेवलं. म्हणाला, बाई, आता नंबर सांगायची गरज नाही, मशीन चालू असलं की झालं, मी माझा येईन.

"मग दसऱ्याला मशीन चालू होतं?"

"चालूच व्हतं, साहेब. रोज संध्याकाळी मी बंद करून जाते. पन पूजेच्या दिवशी बंद करतात का कुनी? दिवा मालवल्यासारखं व्हतं ते. देवीचा फोटू लावून चालू ठेवलं."

 आमचा स्वतःचा कॉम्प्युटरही त्या दिवशी याच कारणाने रात्रभर चालू होता, हे हवालदाराला आणि मला एकदमच आठवलं असावं. बाईच्याही ते आता लक्षात आलं. तिने विचारलं, "म्हंजे माझ्यामुळं झालं का हे?"  मी उठलो आणि जीप काढायला सांगितली.

सोसायटीच्या मशीनमध्ये त्या ताबा घेण्याच्या प्रोग्रॅमची स्वतःची यादी निघाली, कुणी कधी जोडलं याची. दसऱ्याच्या दुपारी चार नोंदी होत्या. तीन वाजून बावन्न, अठ्ठावन्न, चार वाजून तीन आणि चार वाजून सात. पहिल्या तीन वेळा कनेक्शन तुटलेलं होतं. चौथ्या वेळेला टिकलं, आणि दोन मिनिटांनी सहावं नाव गेलं. नाडा जागेवर, अक्षता जागेवर, देवी स्क्रीनवर.

पनवेलच्या कॉम्प्युटरवाल्याला मी तिथूनच फोन केला. पोलीस म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली. लपवायला त्याच्याकडे काही नव्हतंच. शेठचा फोन आला होता, म्हणाला. शेठ म्हणजे नाखवा, सोसायटीच्या कमिटीवरही तोच होता. एक नाव चुकून जास्त पडलंय, बाई सणाला घरी आहे, तेवढं काढून टाक. असली बारीकसारीक कामं तो रोज करायचा, बाईचा पासवर्ड त्याच्याकडे होताच. त्याला माणूस बेपत्ता असल्याचं माहीतही नव्हतं. मी ते सांगितलं. तो म्हणाला, साहेब, कनेक्शन टिकतच नव्हतं. चौथ्यांदा तुटलं असतं तर मी म्हणणार होतो, शेठ, उद्या बघू.

बारा वाजायला आले होते. हवालदार तांडेलाला घेऊन आला. पन्नाशीचा, रापलेला, नजर वर न उचलणारा माणूस. त्याला यादीबद्दल मी एक अक्षर विचारलं नाही. मी फक्त विचारलं, "बोटीवर भात किती जणांचा शिजत होता?"

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "सहा."

आणि मग सगळं बाहेर आलं. दसऱ्याच्या सकाळी आठच्या सुमाराला जाळं ओढताना पाय अडकून तो नवा माणूस पाण्यात गेला होता. पाण्याला ओढ होती. यांनी बोट वळवली, दोन फेऱ्या मारल्या, जाळ्याचे दोन बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, फेकले, माणूस दिसला नाही. तांडेल म्हणाला, आमच्या डोळ्यांदेखत खाली गेला, वर आलाच नाही. नाखव्याला फोनवर सांगितलं. मच्छीमाराचं ओळखपत्र नसलेला माणूस नेल्याबद्दल नाखव्याला आधी एकदा ताकीद मिळालेली होती. दुसऱ्यांदा सापडला तर बोटीचा परवाना जाणार होता. तो म्हणाला, गेला तो गेला, आता पाच चुली कशाला विझवायच्या? तोंड बंद ठेवा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती फाशी मी दीड दिवस त्या बाईला देत होतो. आणि भात किती जणांचा शिजला हे पहिल्या संध्याकाळी, आपट्याची पानं हातात असताना, फोनवर तांडेलाला विचारलं असतं तरी चाललं असतं. जुने पोलीस असेच विचारायचे. मी यादी विचारली.

शोधाची मागणी गेली. पण तिच्यावरची मंजुरी यायच्या आधीच कोळीवाड्यातून बोटी निघाल्या. ऑपरेटर बाईने घरी जाऊन फक्त दिराला सांगितलं होतं. दुपारी दोनला पहिली बोट सुटली, पाठोपाठ बाकीच्या. यादी कुणीच भरली नाही, आणि मीही कुणाला थांबवलं नाही. मी नाखव्याला ताब्यात घेतलं, तो शेवटपर्यंत म्हणत होता की साहेब, त्याचा काय उपयोग होता, तो तर बुडालेलाच होता.

माणूस चौथ्या दिवशी सकाळी सापडला, काशीदच्या बाजूच्या खडकात. मी स्वतः गेलो होतो. नाखव्याचं ते वाक्य मला तिथं आठवलं. त्या माणसाच्या कमरेला जाळ्याचा पिवळा बोया बांधलेला होता. नायलॉनच्या दोरीने, दोन गाठी मारून. अंगातला शर्ट काढून डोक्याला गुंडाळला होता, उन्हासाठी. डोळ्यांदेखत बुडालेला माणूस गाठी मारत नाही आणि उन्हाचाही विचार करत नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, नक्की तास सांगता येणार नाहीत, पण हा लगेच गेलेला नाही. एक दिवस तगला असेल, कदाचित जास्तही. मी म्हटलं, किती जास्त? ते म्हणाले, साहेब, ते लिहून मागू नका.

रुग्णालयाच्या आवारात त्याची बायको एका कट्ट्यावर बसली होती. तिच्याजवळ ऑपरेटर बाई होती. दोघींची आधी ओळख नव्हती, पण ती सकाळपासून तिच्याबरोबर होती, तिला पाणी पाजत होती. मी समोर गेलो. मृतदेह ताब्यात घेण्याच्या कागदावर अंगठा की सही, असं विचारायचं होतं. तिने सही केली. मग माझ्याकडे बघून विचारलं,

"साहेब, त्यांना शोधायला तुमी कवा निघालात?"

बोया तिने पाहिला होता. त्याचा अर्थ तिला कळला होता, म्हणूनच ती विचारत होती.

मी म्हटलं, "तुम्ही आलात, त्याच संध्याकाळी."

तिने मान हलवली. "म्हंजे तुमी बघत व्हतात," असं काहीतरी पुटपुटली आणि तिचा चेहरा थोडा सैल पडला. तिच्या खांद्यावर हात ठेवून ऑपरेटर बाई उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. दीड दिवस माझ्यासमोरच्या बाकावर बसून जी एकच खरी गोष्ट सांगत होती आणि जिला मी खोटारडी ठरवलं होतं, तिच्यासमोर मी खोटं बोललो होतो.  तिने त्या बाईचा पदर सारखा केला आणि दुसरीकडे बघू लागली.

पुढचं नेहमीसारखं झालं. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, नाखव्याला जामीन मिळाला, बोटीचा परवाना गेला. तांडेल आणि पनवेलचा कॉम्प्युटरवाला साक्षीदार झाले. माझी बदली झाली, मग निवृत्तीही झाली. केस अजून तारखांवर आहे असं ऐकतो. ऑपरेटर बाईने दिवाळीनंतर काम सोडलं. मी एकदा तिच्या घरावरून गेलो होतो, माफी मागायची म्हणून. ती ओट्यावर बोंबील वाळत घालत होती. बसा म्हणाली, चहा दिला.  मग तिने सांगितलं की सोसायटीत आता मशीन बंद करून पूजा करतात. चहा पिऊन मी तसाच परत आलो.

केसने काय शिकवलं, असं लोक विचारतात. नव्या मुलांच्या प्रशिक्षणात बोलायला बोलावतात तेव्हा मी सांगतो की कॉम्प्युटरवर कुणाचं नाव आहे यावरून हात कुणाचा होता ते कळत नाही, तेव्हा कनेक्शनच्या नोंदी आधी तपासा. पंचनामा वाचून सही करा. मुलं लिहून घेतात. ते सगळं बरोबरच आहे, पण ते मला दुसऱ्या केसेसनीही शिकवलं असतं. मी खरं शिकलो ते मला त्या मुलांसमोर बोलवत नाही. एक बाई सांगत होती की मी बघितलं. दुसरी सांगत होती की मी लिहिलं. दोघींनी मिळून मला माणूस कुठं आहे ते सांगितलं होतं, आणि मी दोघींनाही पुरावा मागत बसलो, कारण पुरावा न मागता निघालो असतो आणि माणूस खरंच कुठंतरी पिऊन पडलेला निघाला असता तर लोक मला हसले असते. हसण्याची भीती होती, दुसरं काही नाही. थकवा येतो हे लिहिताना.

बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की रुग्णालयात त्या माणसाच्या बायकोच्या भल्यासाठी तसं बोललो. आता तसं वाटत नाही. तिला कळायला हवं होतं आणि ते मीच सांगायला हवं होतं. तिची मुलं आता शिकलीत, वाचतात. हे छापून आलं की त्यांच्या हाती जाईल, त्यांनी आईला वाचून दाखवावं. आम्ही त्या संध्याकाळी निघालो नव्हतो, बाई. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता बोटी निघाल्या, त्याही कोळीवाड्याच्या.